तळघरातून, तुझ्या त्या यंत्राविषयी

चि. टिल्लू यास,

(पंचावन्न वर्षांच्या विभागप्रमुखाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं. पाकिटावर तुझं सगळं नाव पदव्यांसकट लिहिलं आहे, पोस्टमनसमोर तुझी लाज राखली आहे. आत मात्र तू टिल्लूच.)

ताईचे आशीर्वाद, नेहमीइतकेच, जरी या खेपेला थोडे हात आखडून देते आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुझी बायको लिहिते की जिना चढताना तू कठडा धरतोस आणि कोणी पाहिलं की कठड्यावरची धूळ तपासल्यासारखं करतोस. डॉक्टरांना दाखव. इकडे तुझे भावोजी ठणठणीत आहेत. मी ठणठणीत नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

तू पाठवलेलं छापील भाषण मिळालं. 'विविध क्षेत्रांतील संगणकाचे उपयोग.' अठ्ठावीस पानं. वैद्यक, शेती, पशुपालन, संगीत, शिवणकाम, प्रत्येकाला एकेक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'आज असे एकही क्षेत्र उरलेले नाही की जेथे' वगैरे. नऊ वेळा आलंय ते वाक्य, मी मोजलं. रुग्णालयाच्या परिच्छेदात तू लिहितोस की 'कागदी फायलींचे ओझे आता नाहीसे झाले आहे.' टिल्लू, ते ओझं म्हणजे तुझी सख्खी बहीण. रुग्णालयाच्या तळघरात, रेकॉर्ड विभागात, बावन्न रॅक, एक शिडी, एक स्टूल आणि बंद केल्यावर जास्त आवाज करणारा पंखा यांच्यासह एकतीस वर्षं ते ओझं नाहीसं न होता बसलेलं आहे. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. मी भाषण मिटलं आणि भाजी जाळली.

माझं काम तुला कधीच नीट कळलं नाही, म्हणून सांगते. डॉक्टरांना रोग लक्षात राहतो, नाव राहत नाही. ते धावत खाली यायचे आणि म्हणायचे, बाई, तो नाही का, मागच्या वर्षीचा, टाके काढताना वकिलाची धमकी देणारा. मी हातातला चहा खाली न ठेवता सांगायची, अठरावा रॅक, खालून दुसरा कप्पा. त्यांना वाटायचं मला सगळं पाठ आहे. (मीही त्यांना तसं वाटू दिलं.) खरी गोष्ट अशी की प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने बारीक अक्षरात दोन शब्द लिहून ठेवायची. रुग्ण खाली कागद घ्यायला येतात, बसतात, बोलतात. डॉक्टरांसमोर बोलत नाहीत ते माझ्यासमोर बोलतात, कारण माझ्या हातात सुई नसते. मग मी लिहायची: 'भांडकुदळ, पण पटलं तर माफी मागतो.' 'बहिरा नाही, सोंग.' 'सुईआधी हात धरावा, नाहीतर पळतो.' 'मुलगी सोबत असली की दुखत नाही म्हणतो, मुलीला बाहेर पाठवून विचारावं.' अशा एकतीस वर्षांच्या नोंदी. कोणाला दाखवायला नव्हत्या, माझ्या मला सापडावं म्हणून होत्या.

आणि मग ते आलं. तिसऱ्या मजल्यावर, थंड खोलीत, काचेच्या दारामागे. (मला एकतीस वर्षांत खिडकी मिळाली नाही, त्याला आल्याआल्या थंड खोली.) त्याच्याबरोबर एक मुलगी आली. ती टाइप करते टकटक आणि जिन्यावरून चालतेही टकटक, म्हणून मी तिचं नाव टकटक ठेवलं. तिने आणि तिच्या चार माणसांनी सहा महिन्यांत माझ्या सगळ्या फायली वर नेल्या, यंत्रात घातल्या आणि परत आणून ठेवल्या, तेही चुकीच्या रॅकवर. त्या दिवसापासून खाली कोणी येईना. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, रोज अकरा वाजता माझ्या स्टुलावर येऊन बसायचे, कारण तिथे त्यांना कोणी शोधू शकत नसे. आता ते वर त्या पडद्यासमोर बसतात, हनुवटीखाली हात घेऊन. मी एकदा काचेतून पाहिलं. अशा कौतुकाने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना चहा देत असे. ते यंत्र तर चहाही देत नाही. सरळ लिहिते, टिल्लू, माझा जळफळाट झाला. सवतीचा व्हावा तसा. त्यातच अधीक्षकांचा कागद आला की येत्या एक तारखेपासून रेकॉर्ड विभाग बंद, आणि मी चादरींच्या खोलीत. उरलेली तीन वर्षं चादरी मोजायच्या: धुतलेल्या, न धुतलेल्या, फाटक्या. चादरीशी काय बोलणार मी?

म्हणून मी ठरवलं की तुझं भाषण खोटं पाडायचं. एक तरी क्षेत्र शोधायचं, जिथे ते यंत्र नाही, आणि तिथे जाऊन मन शांत करायचं. दोन दिवस रजा टाकली. सुरुवात घरापासून. तुझे भावोजी कपड्यांच्या कारखान्यात कापणीवर आहेत, तीस वर्षं खडू आणि कात्री, एवढं मला ठाऊक. विचारलं, तर म्हणतात, खडू कुठला आता, बाह्या-कॉलर कापडावर कसे बसवायचे ते संगणक सांगतो, वीतभर कापडसुद्धा वाया जात नाही. दीड वर्ष झालं म्हणे. मला का नाही सांगितलं? तर, तुला राग आला असता. (आलाच.) तिथून नणंदेकडे. ती जनावरांची डॉक्टर. म्हटलं गाईपुढे कोण यंत्र ठेवणार? तर गाईच्या कानात टिकलीएवढा बिल्ला आणि घरात संगणक. कोणती गाय किती चालली, किती रवंथ केलं, कोणत्या गाईला ताप येणार, हे नणंद खुर्चीतून उठायच्या आधीच सांगते. गाय माझ्याकडे बघत होती. तिचंसुद्धा रेकॉर्ड वर गेलं होतं. शेजारच्या गाण्याच्या मास्तरांकडे गेले, तर ते एका शिष्येचा आवाज पडद्यावर रेघांमध्ये पाहत होते आणि सूर कुठे घसरला ते बोट ठेवून दाखवत होते. रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याकडे मोठ्या आशेने गेले. तो झारी घेऊन उभा होता. मी आनंदाने विचारलं, म्हणजे तुमच्याकडे नाही ना ते? तो म्हणाला, आहे की, माती सुकली की पाणी आपोआप सुटतं, झारी मी नुसती हातात धरतो, सवय आहे. घरी येऊन मी तुझं भाषण परत वाचलं. नऊच्या नऊ वेळा बरोबर होतास. त्यामुळे तुझा जास्तच राग आला.

आता ऐक खरी गंमत. मागच्या मंगळवारी तपासणीच्या खिडकीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आपला अहवाल घ्यायला आल्या. हल्ली अहवाल यंत्रातून छापून येतो. त्यावर लिहिलं होतं: रक्तातली साखर वाढलेली. आणि खाली, लाल अक्षरात, 'विशेष नोंद: पथ्य पाळते म्हणते, पाळत नाही. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. खोटं बोलताना चष्मा पुसते.' झालं काय होतं, तर टकटकला हुकूम होता की फायलीवर जे जे लिहिलंय ते सगळं यंत्रात गेलं पाहिजे, एक अक्षर गाळायचं नाही. तिने गाळलं नाही. माझी पेन्सिल कुठल्या रकान्यात घालावी ते तिला कळेना, म्हणून तिने ती 'विशेष नोंद' या रकान्यात घातली, जिथे एरवी कोणाला कोणतं औषध सोसत नाही ते लिहितात. एकतीस वर्षांचं माझं सगळं पोटातलं लाल अक्षरात! मुख्याध्यापिका बाईंनी खिडकीवर आवाज चढवला, हे धादांत खोटं आहे म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता चष्मा काढून पुसायला घेतला. मागची रांग इतकी हसली की एकाचे टाके दुखले. (त्याच्या अहवालावर 'सहनशक्ती कमी' असं होतंच.)

अधीक्षकांनी वर बोलावलं. खोटं कशाला लिहू, मला इतका आनंद झाला होता की तीन मजले मी न थांबता चढले. यंत्राचं नाक कापलं गेलं होतं! खोलीत अधीक्षक येरझारा घालत होते, टकटक रडत होती, मोठे डॉक्टर त्या पडद्यासमोर होते. अधीक्षक म्हणाले, ताबडतोब सगळ्या नोंदी पुसा. मोठे डॉक्टर म्हणाले, थांबा. त्यांनी 'हात धरावा' एवढंच लिहून शोधलं. दोनशे बारा माणसं निघाली. त्यातली तीन त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची. मग त्यांनी एका सुताराची नोंद उघडली, ज्याने पोटाची शस्त्रक्रिया तीनदा नाकारली होती आणि ज्याला सगळे हट्टी म्हणत होते. लाल अक्षरात होतं, 'घाबरत नाही. घरी आंधळी आई एकटी, तिच्याजवळ कोण राहील ते आधी विचारावं.' डॉक्टरांनी नर्सला हाक मारून ती ओळ वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी नर्सने विचारलं, आईची सोय लागली, आणि सुतार टेबलावर येऊन झोपला. आता बरा आहे.

यावर अधीक्षक काय म्हणाले असतील? म्हणाले, बघा, संगणकाने क्षणात केवढं शोधून दिलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहिलं मी, तिथे धुळीत शिंका देत. त्याने नुसतं वाचून दाखवलं आणि शाबासकी त्याला! मी तोंड उघडणार तोच ती टकटक, नाक लाल, डोळे लाल, म्हणाली, सर, यात यंत्राचं काही नाही हो, अक्षर बाईंचं आहे. त्या मुलीचा मनसोक्त रागही करू देत नाहीत लोक. मोठे डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, चादरी राहू द्या, वर या, नवीन रुग्णांशी तुम्हीच बोला आणि नोंदी थेट यात लिहा. मी त्यांना ताठ मानेने सांगितलं की मला विचार करावा लागेल. काचेच्या खोलीत, त्याच्या शेजारी, रोज? मानी बाई आहे मी.

तर असं आहे. गुडघ्याला शेक घे. मुलांना जवळ घेऊन माझ्या वतीने एकेक धपाटा दे, कारण कोणी पत्र लिहीत नाही.

तुझी, अजून तरी तळघरातली,
ताई

ता. क. तुझ्या भाषणात एकोणिसाव्या पानावर 'रुग्ण' ऐवजी दोनदा 'ग्राहक' छापलंय. दुरुस्त कर.

ता. क. विचार करावा लागेल असं मी म्हटलं नाही. डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. शिवाय त्यांनी विचारलं, बाई, संगणक येतो ना, तर मी म्हटलं, येतो म्हणजे काय, माझ्या भावाने शिकवलाय, तो या विषयातला मोठा माणूस आहे. त्यामुळे रुग्णालयातून फोन आला तर 'हो, शिकवलाय' असं सांग आणि पुढे एक शब्द बोलू नकोस. सोमवारी बसायचं आहे. मला ते सुरू कुठून करतात तेही ठाऊक नाही. टकटकला विचारलं असतं, पण मी तिला सहा महिने तोंड वाकडं करून दाखवलंय.

ता. क. आणखी एक, आता लिहूनच टाकते, फोनवर बोलले तर आवाज बिघडेल. तू सतरा वर्षांचा होतास आणि संगणकाच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी परगावी गेलास, त्या वर्षी आपल्या घरातून दोन अर्ज गेले होते. दुसरा माझा होता. माझी निवड तुझ्या आठ दिवस आधी झाली. दोघांना पाठवणं जमणार नाही म्हणाले बाबा, आणि मुलगी इतक्या लांब कशी राहणार. ते पत्र मीच फाडलं आणि तुझी बॅग मीच भरली. तुझा राग केला नाही, पण हेवा केला, अडतीस वर्षं, यंत्र आमच्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा शनिवारी सकाळी ये. भावोजींना सांग, गुडघा दाखवायला आलोय. मला अगदी पहिल्यापासून शिकव. आणि शिकवताना 'ताई, सोपं असतं गं हे' असं एकदाही म्हणू नकोस. सोपं असतं, ते मला तेव्हाच कळलं होतं.