पट्टेवाला गरीब असतो

८ एप्रिल १९८७, बुधवार
सेबू शहराहून होडीने या बेटावर सुखरूप पोहोचले. खोली स्वच्छ, खिडकीतून थेट समुद्र. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर संग्रहालयाने समुद्रसापांची नोंद करायचं काम दिलं, याचा आनंद लपवत नाही. घरमालकीण नांग (म्हणजे ताई) बासिलिसा जाळ्यातले मासे सोडवायचं काम करते. मक्याचा भात आणि सुकी मासळी वाढली. मी सापांसाठी आले हे ऐकून म्हणाली, नवरा शोधायला आला असतात तरी इथे सापच मिळाला असता, बाई.

१० एप्रिल, शुक्रवार
जाळ्यात आलेला प्रत्येक साप हे लोक वल्ह्याने ठेचतात. आज चौदा. त्यातले बारा पिवळ्या ओठांचे, काळ्या पट्ट्यांचे, खडकावर विसावायला येणारे. विष जहाल, पण सहसा चावत नाहीत. सांगून सांगून घसा बसला. शेवटी रंगीत तक्ता काढून मासळीच्या शेडला लावला : पट्टेवाला गरीब, सोडून द्या. करडा, चोचीसारख्या तोंडाचा तापट, हात लावू नका.

१४ एप्रिल, मंगळवार
तक्ता लागू पडला. बासिलिसा पट्टेवाले उघड्या हाताने सोडवते. हातमोजे घाल म्हटलं, तर मोज्यांनी गाठ सुटत नाही म्हणे, आणि गरीब तर तुम्हीच म्हणालात! होडीवाला नोंग (म्हणजे दादा) क्रिस्पुलो त्याहून वरताण. सूज नाही तो दंशच नाही, हे त्याचं शास्त्र. या दंशाला सूज येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मान हलवून त्याने पुन्हा तेच ऐकवलं. डोकं फिरतं.

१६ एप्रिल, गुरुवार
उद्या ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस. खाडीच्या तोंडाशी जाळी तशीच टाकून सगळे मोकळे. रविवारपर्यंत होडी ढकलायची नाही, खिळा ठोकायचा नाही, अंघोळसुद्धा नाही. देव मेलेला असतो, जखम भरत नाही म्हणे. सापांना श्वासाला वर यावं लागतं, ते जाळ्यात गुदमरतील, याचं कोणाला काय! उद्या मीच जाते.

१७ एप्रिल, शुक्रवार, सकाळी आठ
ओहोटीत चालत जाऊन काठाजवळचं जाळं उघडलं. सहा सोडवले. मोज्यांनी गाठ खरंच सुटेना, म्हणून काढले. सातवा हातभर लांब, ठळक पट्ट्यांचा. तो बरणीत घेतला. त्या गडबडीत बोटाला काहीतरी टोचलं. शिंगाळा माशाचा काटा असावा. दुखत नाही.

सव्वानऊ
मान आखडली. बरणीतला साप भिंगाखाली पाहिला. पोटाचे खवले बारीक. हनुवटीखालचा खवला सुईसारखा अरुंद, खाचेत बसलेला. हे चोचवाल्याचं पिल्लू आहे. त्याच्या पिल्लांना पट्टे असतात, वयाबरोबर पुसट होतात. मला हे ठाऊक होतं. तक्त्यावर लिहिलं नाही.

साडेदहा
क्रिस्पुलोला सेबूच्या इस्पितळात न्यायला विनवलं. मी, विनवलं! त्याने बोट उलटसुलट पाहिलं. सूज कुठाय, बाई? शिंगाळाच तो. आज होडी ढकलली तर दोघंही बुडू, रविवारी पहिली फेरी तुमची. बासिलिसाने विचारलं, पट्टे होते ना? मग गरीबच. तुमच्याच तक्त्यात आहे.

एक
जबडा उघडत नाही. लघवी काळपट तांबडी — स्नायू विरघळताहेत. एक पापणी बोटाने वर धरून लिहिते. आता क्रिस्पुलो घाबरला. होडीला माणसं हवीत — सगळे मिरवणुकीत — धावत गेलाय.

तीन
चर्चची घंटा नाही आज. लाकडी खुळखुळे. बासिलिसा रडते. रविवारी हीच पुन्हा उघड्या हाताने — बोलता येत नाही — छाती जड —
बासिलिसा, हे फाडून तक्त्यावर चिकटव. पट्टे बघू नको. गरीब नाही. आधी हनुवटीखा