तिसरी हाक

आई, मी आयुष्यभर काय काम केलं हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी या कामाला लागले तेव्हा तू नव्हतीस, आणि असतीस तर कपाळाला हात लावला असतास. मी माकडांचं ऐकणं अभ्यासत आले. एका माकडाने साद घातली की ऐकणाऱ्या माकडाच्या मेंदूत काय होतं, आपल्या माणसाचा आवाज आणि परका आवाज तो वेगळा कसा काढतो, एवढंच. केसाहून बारीक तार मेंदूत सोडायची, टेप केलेले आवाज ऐकवायचे आणि कुठली पेशी कशाने जागी होते ते बघत बसायचं. ‘त्या मुक्या जिवाला दुखत नाही का गं?’ हे तू आधी विचारलं असतंस. मेंदूला स्वतःला दुखत नाही. पण तिथवर पोचायला कवटी उघडावी लागते, आणि नंतर शुद्धीवर येणाऱ्या माकडाच्या डोळ्यांत बघणं मला कधीच जमलं नाही. तुझ्यापाशी हे लपवून काय मिळणार.

गंमत अशी, की तसल्याच लालतोंड्या माकडांना तू आपल्या वाडीतून डबा बडवून हाकलायचीस. चिकू तयार झाले की रानशेतच्या बाजूने त्यांची टोळी उतरायची आणि अर्धं खाऊन अर्धं टाकायची. त्या टाकण्याचाच तुला संताप. एक सकाळ मला दिसते. मी शाळेच्या गणवेशात उभी आहे, धाकटा तुझ्या पदराला धरून, आणि तू रॉकेलचा डबा बडवत सगळ्या टोळीला कुंपणापार घालवते आहेस. एक पिल्लू मागच्या झाडावर राहतं. कुंपणापलीकडून त्याची आई लांब, वर चढत जाणारा आवाज काढते आणि तू डब्यावर हात ठेवतेस. ‘थांबा रे पोरांनो, तिचं मागं राहिलंय.’ पिल्लू उतरतं, आपल्या पायांजवळून पळत जातं. ते गेल्यावर तू पुन्हा डबा बडवलास आणि वर त्यांना ‘मेल्यांनो’ म्हणालीस.

आपल्या वाडीत दिवे लागल्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. नाव ऐकून भलतंच काहीतरी त्या नावाने बोलावायला लागतं म्हणे. म्हणून तू नुसती ‘कूऽऽ’ घालायचीस. त्यात शब्द नाही, नाव नाही, फक्त तुझा आवाज. तरीही पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. भुताला तिसरी हाक घालता येत नाही, असं तू सांगायचीस. एकदा मी विहिरीजवळ खेळता खेळता पहिल्याच हाकेला ‘ओ’ म्हटलं आणि धावत आले, तर तू पाठीत धपाटा घातलास. ‘किती वार सांगू तुला? मी नसते तर?’ मी रडत म्हटलं, ‘पण तूच होतीस.’ ‘ते तुला काय माहीत?’ माहीत होतं, आई. तो आवाज मला हजारांत ओळखता आला असता. पुढे मी ज्याच्या मागे लागले ते मुळात एवढंच होतं.

मी मुंबईत कॉलेजात होते तेव्हा तुझी उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मराठी गेली. गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजीहून माहेरची म्हणून आणलेली तुझी गुजराती गेली. वाडीतल्या वारली बायकांशी तू त्यांच्या बोलीत गप्पा मारायचीस, तीही गेली. धाकटी डहाणू गावाहून येणारी मासळीवाली ओटीवर येऊन बसायची, बोंबलांचा भाव तुला ऐकवायची, की चिडून तरी काही बोलशील. तू तिचा हात धरून ठेवायचीस. मग ती संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात तुझ्यासाठी पेज ढवळते आहे, दिवे लागलेले आहेत, आणि आतल्या खोलीतून येतं, ‘कूऽऽ’. बाबा दारात येऊन म्हणाले, ‘भ्रमात ओरडते गं ती, तू जीव जाळू नकोस.’ मी पळी हातात धरून उभीच. दुसरी आली. तिसरी आली. मी ‘ओ’ म्हणून आत गेले आणि तू अर्ध्या तोंडाने हसलीस. त्यानंतर तू गेलीस तोवर आपलं सगळं बोलणं तेवढ्यावरच चाललं.

लोक विचारायचे, या विषयाकडे कशा वळलात. मी काहीतरी विद्वत्तापूर्ण सांगून वेळ मारून न्यायची. बोलण्याची जागा मेंदूत एक आणि अशा सादेची मुळं आणखी खोल, आणखी जुनी, म्हणून शब्द गेले तरी साद उरू शकते, हे मला फार उशिरा कळलं. त्या पेजेच्या संध्याकाळी कळलं असतं तरी मी वेगळं काय करणार होते. माझ्याकडे माकडांच्या आवाजांची कपाटं भरली. तुझा आवाज मात्र कुणी टेप केला नाही. आपल्याकडे तेव्हा असलं यंत्र कुठलं. तो मला आता आठवत नाही. लांब होता, शेवटी वर जायचा, हे सांगता येतं. कानात वाजत नाही. तुझी आठवण येते म्हणजे मला तो आवाजच हवा असतो, फार हवा असतो.

गेल्या आठवड्यात वाडीत होते. वाडी धाकटाच बघतो. त्याला माझ्या कामात कधी रस नव्हता, आणि आता तो तुझ्याहून म्हातारा झालाय. दिवे लागले तेव्हा मी विहिरीजवळ एकटी होते. म्हटलं, आपल्या गळ्यात काही उरलंय का बघावं. पहिली कू घोगरी निघाली. दुसरी जरा बरी. तिसरी घातली आणि चिकूंच्या पलीकडून, पंपाच्या खोलीतून, लगेच आलं, ‘ओऽऽ’. पाठोपाठ पावलं वाजली. धाकटा धावत येत होता, गुडघे दुखतात तरी. मला बघून थबकला. ‘तू होतीस होय?’ म्हणाला, धोतराने तोंड पुसलं, आणि पंप बंद करायचा राहिलाय म्हणून परत गेला.

म्हणजे तो आवाज तुझाच निघाला होता. त्याच्या कानाने दिलेली साक्ष मी कुठल्याही यंत्राहून खरी मानते. पण साद घालणाऱ्याचा मेंदू स्वतःचा आवाज स्वतःपुरता मंद करून टाकतो. हे मी माकडांत कितीदा पाहिलंय. मला ऐकू आली ती एका म्हातारीची ओरड. तू त्याला ऐकू आलीस, आई, मला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: पंपाच्या खोलीकडे परत जाणाऱ्या माझ्या भावाचा मला फार हेवा वाटला.