नागेशनं दिलेलं उत्तर

४ जुलै
तेच तं म्हणतो, फोन लावला का बाईसाहेब बिझी! मी इकडं तिरुपूरच्या कंपनीत दिवसभर बनियनवर इस्त्री फिरवाची, अन् प्रणालीनं हिंगणीवरून एस.टी.नं नालवाडीले जाऊन इंग्लिश बोलाचा क्लास कराचा. लग्नाले वर्ष नाई झालं. म्हटलं, कोणासोबत झाडतं वं इंग्लिश? म्हणे, "म्हशीसोबत." फोन कट.

६ जुलै
रेकॉर्डिंग पाठवलं तिनं. क्लासात जोडीजोडीनं नाटक, नवरा-बायकोचं भांडण. बायको प्रणाली. नवरा कोण, तं मोबाइलच्या दुकानातला नागेश! मधातच प्रणाली त्याले म्हणते, "यू गॉट द राँग एंड ऑफ द स्टिक." दोघंबी खीखी. माह्यासोबत अशी कवा हासली? जेवलो नाई.

७ जुलै
भांडलो. "काऊन वं, नवरा कमी पडला?"
"सरनं जोड्या लावल्या. बोलणं ज्याचं त्यानं मनानं जुळवाचं होतं. अवो, तुमालेच ते वाक्य लागू पडते."
अर्थ विचाराची लाज. म्हटलं, मालूम हाये मले.

८ जुलै
खोलीतला बिस्वाल, ओडिशाचा, बारावी पास. म्हणे, डंडा उलटी तरफ से पकड़ा. सामनेवाला बोला कुछ, तू समझा कुछ.
बाबाची बैल हाकाची काठी, तुतारी, आठवली. लहानपणी खिळ्याच्या टोकाकडून धरली होती. रक्त माह्याच हातातून. बैल आपला उभा.
वाक्य पाठ केलं. नागेशपेक्षा साफ येते.

१० जुलै
पूर्ण रेकॉर्डिंग समजून घेतलं बिस्वालकडून. कायले घेतलं...
बायको विचारते, मले तिकडं काऊन नेत नाई? नवरा म्हणते, माह्या आईचा कंटाळा आला तुले. तवा बायकोचं ते वाक्य. म्हणे कंटाळा नाई, तुमची आठवण येते.
अन् नागेश म्हणते, पुढच्या महिन्यात नेतो!
मले एकदाबी विचारलं नाई. त्याले विचारलं. तू कोण रे माह्या जागेवर हो म्हणणारा?

११ जुलै
आईचा फोन. "सूनबाईची फी धाडजो, पंधराशे." म्हटलं, क्लास बंद कर म्हणा. "तूच सांग तिले," म्हणे. नाई सांगितलं.

१३ जुलै
सुट्टी. मागच्या गल्लीत फॅमिली रूम पाह्यली. नुसतीच पाह्यली. नळ बाहेर.
मंग फोन लावून ते वाक्य म्हणालो, न अडखळता. वाटलं हासन. तं नाई. मंग म्हणे, "कोण शिकवणारी भेटली तुमाले?"
आवाज वेगळाच. बिस्वालचं नाव नाई घेतलं. राहू दे तिलेबी एक दिवस तसंच.
फीचे पंधराशे. वर नऊशे टाकले, सेवाग्रामवरून इकडच्या गाडीचे, तिच्या तिकिटाचे. कायचे, ते कळवलं नाई.
पाठवले २४०० रु.