एक्केचाळीस कोपरे आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, पूर्वीचा धंदा चष्म्याच्या काचा घासणे, राहणार दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. जिन्यात दम लागतो, पण मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून वश केलेले नाही आणि मी कसली नशा करत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच, आणि तब्येत पाहता बहुधा शेवटचे.

कलम १. दोन्ही खोल्या, त्यांतल्या सामानासह, माझ्या भाचीला. ती माझ्या मोठ्या बहिणीची, म्हणजे ताईची, एकुलती मुलगी. न्हाणीघराचा नळ गळका आहे. त्यावरून तिने मला पुष्कळदा बोलून घेतले आहे, आता माझ्या पश्चात तरी सोडून द्यावे.

कलम २. बँकेत जे काही उरेल तेही तिलाच.

कलम ३. काचा घासण्याचे चाक आणि मापाच्या पट्ट्या, मी कामाला होतो त्या चष्म्याच्या दुकानाच्या सध्याच्या मालकाला. माझ्या निरोपाच्या दिवशी तो चार माणसांत म्हणाला होता, "काकांच्या हातचे चष्मे परत फार येतात." ते परत येत होते, कारण नंबर तो काढत होता. वस्तू देताना एवढे वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. पलंगाखालची न उघडलेली चार पोती माझ्या मित्राला, ज्याला आम्ही 'शंभर नंबरी' म्हणतो. नकलीतले नकली तिकीट विकतानाही तो तेच म्हणतो, म्हणून. रद्दीवाले, बंद पडलेल्या कचेऱ्या, कुठूनही आम्ही जुनी टपाल तिकिटे पोत्याने उचलायचो. वजनावर, न पाहता. त्यात एखादे दुर्मीळ तिकीट सापडेल ही आशा. छत्तीस वर्षांत माझ्या हाती दोन बऱ्यापैकी लागली, त्यातले एक शंभर नंबरीकडेच राहिले आणि ते कसे राहिले हे त्याला ठाऊक आहे. "घबाड पुढच्या पोत्यात असतं रे," असे तो मला जन्मभर सांगत आला. घे बाबा, ही पुढची पोती.

कलम ५. कपाटाच्या वरच्या फळीवर पत्र्याचा एक डबा आहे. तो ताईला. त्यात काय आहे आणि ते माझ्याकडे कसे आले, हे सांगायची मला लाज वाटते. एकोणीस वर्षे वाटते आहे.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बोटीवर नोकरीला होते. वर्षातले दहा महिने पाण्यावर, आणि जिथे बोट लागेल तिथून ताईला पत्र. ते गेल्याची तार आधी आली. त्यांची शेवटची दोन पत्रे त्यानंतर, एकाच दिवशी आली. ताईने त्या अवस्थेत ती एकदा वाचली, बाकीच्या पत्रांबरोबर ट्रंकेत घातली आणि ट्रंक बंद केली. पुढे ती भाचीकडे राहायला गेली तेव्हा ट्रंक माझ्याकडे ठेवली. म्हणाली, "तुझ्याकडे कागद नीट राहतो."

पन्नास पाकिटे होती, सगळ्यांवर परदेशी तिकिटे. मला मोह झाला. पत्रे तर तिचीच राहणार, तिकिटांशी तिला काय करायचे आहे, असे मी मनाला पटवले. मागितली असती तर तिने दिलीही असती. पण मागायचे म्हणजे ती नाही म्हणू शकते, म्हणून मागितली नाहीत.

आमच्यात तिकीट कधी ओढून काढत नाहीत. पाचपाच पाकिटे एकावर एक धरून वरचा उजवा कोपरा कात्रीने उडवायचा आणि कोपरे पाण्यात टाकायचे, तिकीट आपसूक सुटते. पोत्यातून येणारी पाकिटे रिकामी असतात. हाताला तीच सवय. ही पाकिटे भरलेली आहेत हे कात्रीला जड गेले तरी माझ्या ध्यानात आले नाही. पन्नासही कापली. पहिले नऊ कोपरे परातीत टाकले आणि पाण्यात शाई पसरली, तेव्हा कळले.

भावोजी तारीख पत्राच्या त्याच कोपऱ्यात लिहीत. टपालाचा शिक्का तिकिटाबरोबर गेला, तारीख कोपऱ्याबरोबर गेली. नऊ तारखा विरघळल्या. उरलेले एक्केचाळीस कोपरे मी डब्यात भरले. तिकिटे म्हणाल तर सगळी किरकोळ, कोणत्याही पोत्यात मूठभर मिळतील अशी.

पुढे ताईने पत्रे परत मागितली तेव्हा मी सांगितले, उंदरांनी कुरतडली. ती म्हणाली, "माझीच चूक. मीच आत बिस्किटांचा पुडा विसरले असेन." आणि मी नालायकाने म्हटले, "असेल."

त्या शेवटच्या दोन पत्रांतले एक रागाचे आहे. 'तुझ्याशी बोलून उपयोग नाही, आता पत्र टाकणार नाही,' असे. दुसऱ्यात फक्त घराच्या रंगाविषयी. आधीचे कोणते, नंतरचे कोणते, ताईला सांगता येत नाही. दर भेटीत ती विचारते, "काय रे, रागातच गेले असतील का ते?"

मी म्हणतो, "नाही गं."

"तुला काय माहीत?"

मला खरेच माहीत नव्हते. डबा उघडून बघायची माझी छाती झाली नाही. बघितले असते तर सांगावे लागले असते.

सबब हा डबा माझ्या मृत्यूनंतर ताईला द्यावा. मेलेल्या माणसाला तिच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, एवढाच माझा हिशेब.

पुरवणी. वरचा मसुदा तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी वाचला. पाचव्या कलमाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, ताई तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. त्या आधी गेल्या तर हे मी कोणाला वाचून दाखवू?" म्हणून कलम ५ रद्द समजावे. डबा मी हयातीतच, स्वतः नेऊन दिला.

सगळे ऐकून ताई उठली आणि पत्रे घेऊन आली. मी माफीचे बोलायला लागलो तर म्हणाली, "ते मागाहून बघू. चष्मा लाव आणि बस." दोन दुपारी आम्ही कोपरे जुळवत बसलो. मी चिमट्याने कोपरा धरायचा, तिने पत्र धरायचे. रागाच्या पत्राला तीन तारखेचा कोपरा बसला. रंगाच्या पत्राला त्याच महिन्याच्या चौदा तारखेचा. 'पुढच्या खोलीला पिवळा देऊ नकोस, तुला तो आवडत नाही,' असे त्यात आहे.

"अकरा दिवसांत राग गेला होता त्यांचा," ताई म्हणाली. पत्र तिने घडी घालून मांडीवर ठेवले. मग माझ्याकडे पाहिले. "आणि तू मला एकोणीस वर्षं..." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. तिने उठून चहा ठेवला, एक कप, स्वतःपुरता. मी घरी आलो.

वकीलबाई सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. ताईला आता माझ्याकडून काहीच मिळत नाही. म्हणून मी भाचीकरवी तिला विचारले. ती येईल असे वाटले नव्हते. आली.

हे सर्व मी वाचले, वाचून घेतले, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर.
दिनांक: सतरा नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरच्या वकीलबाई. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याची मोठी बहीण, वय ब्याऐंशी. सहीच्या वर तिने आपल्या हाताने लिहिले आहे ते असे:

"माझ्या भावाने शुद्धीवर असताना माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच मी साक्षीदार आहे. मी सही केली म्हणजे माफ केलं, असं कोणी वाचू नये." (सही)