खाट सोडली, अनुभव घेतला

१८ नोव्हेंबर १९५६, भोपाळ. सकाळी.
निर्णय पक्का. आज सरकारी बराकीतली खाट सोडायची. राजधानी नागपूरहून इकडे हलली, तिच्यामागे आम्ही क्लार्क मंडळी हललो. राहायला जागा नाही, आणि पेपरात मथळा: ‘राजधानीत निवासाचा प्रश्न निकालात’. याच प्रश्नावर माझी कादंबरी आहे. खाटेवर लोळत बेघर माणसाबद्दल लिहिणं म्हणजे शुद्ध फ्रॉड. पंधरवडाभर उघड्यावर राहणार. स्वेच्छेने.

संध्याकाळी.
खाट सोडल्याचा अर्ज दिला. ‘मला निवासाची निकड नाही’ हे वाक्य फार छान उतरलंय. हेडक्लार्क काशिनाथराव म्हणाले, येडा झाला का बे? त्या एका खाटेसाठी लोक माझ्या घरी भाजी आणून टाकतात. भला माणूस, पण साहित्य कळत नाही. खाट आमच्याच ऑफिसातल्या अच्युतला मिळाली. शाई वाळायच्या आत तो ट्रंक घेऊन हजर.

बायकोला, सुचेताला, नागपूरला पत्र टाकलं: सोय झकास आहे, काळजी नको. ती सध्या भावाकडे. वहिनी भांडी जरा जोरात आपटतात म्हणे. पण जानेवारीत तिथलं शिक्षिकांचं ट्रेनिंग कॉलेज सुरू, मग हॉस्टेल. शिकवण्या करून फी तिने स्वतः जमवलीय. एकूण संसार रुळावर.

१९ नोव्हेंबर. पहाट असावी.
तलावाकाठी झोपलो. ‘झोपलो’ हे जरा ढोबळ झालं. कादंबरीचं पहिलं वाक्य सुचलं: ‘थंडी.’ दुसरं सुचत नाही. बोटं वळत नाहीत.

२३ नोव्हेंबर.
मुक्काम हलवला. सरकारी क्वार्टर्स बांधतायत, त्यातल्या एका अर्धवट खोलीत मजुरांच्या शेजारी. भिंती आहेत, छप्पर नाही. सुमित्राबाई म्हणून आहे, विटा वाहते. तिने विचारलं, बाबू, घरवाली ने निकाल दिया क्या? म्हटलं, नाही, अनुभव लेने आया हूँ. तिने विचारलं, किसने भेजा? म्हटलं, खुद आया. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मला आधी जेवायला देतात आणि हळू आवाजात बोलतात.

३ डिसेंबर.
पंधरवडा संपला. किरकोळ खोकला. खाट परत मागायला गेलो. निवासाच्या टेबलावरच्या क्लार्कने माझा अर्ज काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. अक्षराची तारीफ केली. म्हणाला, निकड नसलेल्यांची वेटिंग लिस्ट नसते. अच्युतला भेटलो. तो म्हणाला, निळूभाऊ, खाट मागू नका, जेवायला या.
अनुभवाची मुदत वाढवतोय. स्वेच्छेनेच.

९ डिसेंबर.
सरकारी दवाखान्यातून लिहितोय. न्यूमोनिया. सुमित्राबाई आणि तिच्या नवऱ्याने ठेल्यावर घालून आणलं. प्रवास आठवत नाही, म्हणजे एक आख्खं प्रकरण वाया गेलं.
पेपरात होतं, ‘शासकीय सेवकांना औषधोपचार मोफत’. मथळा अगदी बरोबर आहे. डॉक्टर मोफत, खाट मोफत. फक्त इंजेक्शनं बाजारातून आणायची. पैसे मागाहून क्लेम केले की मिळतात. क्लेमवर राहण्याचा पत्ता लागतो. बघू.

१२ डिसेंबर.
सुचेता आली. काशिनाथरावांनी तार केली होती, मला न विचारता. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बाहेर गेली आणि पेनिसिलिन घेऊन आली. रोज जाते, रोज आणते. म्हटलं, कादंबरी तुलाच अर्पण करणार. ती म्हणाली, आधी पालथे व्हा, नर्सबाई थांबल्यात.

२० डिसेंबर.
डिस्चार्ज. अजून अशक्तपणा आहे असं मी बराच वेळ सांगून पाहिलं. काशिनाथरावांनी त्यांच्या दोन खोल्यांत घेतलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात. त्यांच्या मिसेस, कमलिनीवहिनी, पहाटे चहा ठेवायला आमच्यावरून ओलांडून जातात.
क्लेम परत आला. पत्ता नाही.
फीचे पैसे इंजेक्शनांत संपले. सुचेताच्या भावाचं पत्र आलं, त्याची मेव्हणी राहायला आलीय, तेव्हा सुचेताने आता थेट हॉस्टेललाच जावं. सुचेताने हे मटार सोलता सोलता सांगितलं. मी म्हटलं, ही अनिश्चितता लेखनाला पोषक असते. ती सोलत राहिली. काशिनाथराव म्हणाले, बाहेर जाऊन बस बे थोडा वेळ.

२६ डिसेंबर.
‘मी बेघर’ हा माझा लेख नागपूरच्या साप्ताहिकाकडून साभार परत. संपादकांचा शेरा: ‘अनुभव ऐकीव वाटतो. भोपाळला प्रत्यक्ष जाऊन पाहावे.’
माणूस जुन्या वळणाचा असणार.

२७ डिसेंबर.
सुचेता म्हणाली, लिहिता ना? मग प्रिन्सिपॉलबाईंना अर्ज लिहा. फी हप्त्याने घ्या आणि हॉस्टेलची जागा राखा, एवढंच. ती जागा गेली तर मी कुठे जाऊ, ते तुम्ही सांगा.
अर्जाला बसलो. चार पानं झाली. सुरुवात राज्य पुनर्रचनेपासून. तिने वाचली, तीन पानं चुलीजवळ ठेवली. उरलेल्या पानावरचं कारण तिने स्वतः नीट केलं. मी ‘पतीचे आजारपण’ लिहिलं होतं. तिने ‘आजारपण’च्या आधी ‘हौसेने ओढवून घेतलेले’ घातलं. म्हटलं, शैलीच्या दृष्टीने विशेषण जड होतंय. ती म्हणाली, होऊ दे.

६ जानेवारी १९५७.
उत्तर आलं. हप्ते मंजूर, हॉस्टेलची जागा मंजूर. खाली बाईंच्या अक्षरात: ‘कारण वाचून मनापासून पटले.’
काशिनाथरावांनी ते वहिनींना दोनदा वाचून दाखवलं. सुचेता हसली. इकडे आल्यापासून पहिल्यांदाच. मीही हसलो, थोडं उशिरा.

८ जानेवारी. रात्री.
सुचेताला गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, कादंबरी लिहाच, पण स्वेटर घालून. गाडी गेली.
काशिनाथरावांची आई उद्या येतेय, तेव्हा स्वयंपाकघर आजपर्यंतच होतं. सामान सोबतच आणलंय. प्लॅटफॉर्मवर बाक बरा आहे. हवालदाराने येऊन विचारलं, कहाँ जाना है? त्याला सांगायला इथला एकही पत्ता आठवेना. म्हटलं, गाड़ी लेट है. तो म्हणाला, कौन सी?