उकळत्या पाण्याने घात केला

मास्तरीणबाई,

मी कामावर जातेय. आज पुन्हा सुट्टी मागितली तर शिवणकामाच्या कारखान्यातला मुकादम मला दारच दाखवेल. आजीने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि ते माझ्यामुळे.

विकतच्या पाण्याची बाटली वर्षभर भरून वापरू नये, आत चरे पडतात, त्यात जंतू बसतात, असं तू कानीकपाळी ओरडत होतीस. मला पटतही होतं. पण आजी तिच्या त्या जुन्या बाटलीशिवाय कशातूनच पीत नाही, म्हणून मी शहाणीने मधला मार्ग काढला. जंतू मरावेत म्हणून बाटलीत उकळतं पाणी ओतलं. जंतूंचं देव जाणे, बाटलीच आक्रसून वाकडीतिकडी झाली. आता आजी म्हणते, "ही कोणाची उष्टी बाटली? मी नाही पिणार." स्टीलचा पेला तिने सरकवून दिला. तशीच नवी बाटली आणली, तर झाकणाचा रंग वेगळा म्हणून तोंड फिरवून बसली.

पाणी पोटात गेलं नाही तर संध्याकाळी सलाइन लावायला दवाखान्यात न्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. मागच्या वेळी तिथे तिचे हात बांधले होते, आठवतंय ना?

क्लासमधून आलीस की चमच्याने पाजून बघ. गाणं म्हण, खोटं बोल, काहीही कर. तुझंच बरोबर होतं, ते मला नंतर हवं तेवढं ऐकव.

मला ती आज विचारत होती, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" तुला अजून ओळखते.

आई