तेरावं मीटर

सोम., ३ मार्च
टोटल जुळत नाही. पांडेसऱ्याच्या आमच्या जुन्या शेडची ग्रीन बिल्डिंग होतेय. वीज कुठे किती जाते ते कळावं म्हणून मुख्य मीटरच्या पुढे बारा छोटी मीटरं लावलीत. लिफ्ट, पंप, एसी, दिवे, सगळं वेगळं. वायरिंगचा नकाशा माझा, सहीही माझी. बाराही आकडे मिळवले तरी मुख्य मीटर जास्तच दाखवतं. तीनदा बेरीज केली. दहावीचा गणिताचा पेपर आठवून घाम फुटला.

मंगळ., ४
आजही तेवढाच फरक. मीटर चुकतंय की मी? आमचे वरिष्ठ देसाईसाहेब : "बेन, टोटल तो मळवुं ज जोईए!" जुळलीच पाहिजे म्हणे. शनिवारी ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट देणाऱ्या मॅडम तपासायला येणार. वर साहेबांची ताकीद, छोटं मीटर चुकवून कुणी लाईन ओढली असेल तर तो त्याच दिवशी घरी.
भिलाआप्पांना विचारलं. इथले सगळ्यांत जुने वायरमन, बाबांच्या गावचे. टेस्टर धरायला मला त्यांनीच शिकवलं. "हुई जाई," म्हणाले नि तंबाखू मळत बसले. एरवी स्वतः शिडी आणतात.

गुरु., ६
सापडलं! जेवणाच्या सुट्टीत एकेक स्विच पाडत गेले. बाराही बंद, मुख्य मीटर चालूच. वायर धरून गेले तर जिन्याखालचा देव्हारा. देवाच्या दिव्याची लाईन छोट्या मीटरांच्या आधीच घेतलेली. जोड आप्पांचा, लांबून ओळखते मी. त्यांना गाठलं.
"पोरी, देवना दिवाले कोनी मीटर लावस का?"
पण एवढ्याशा दिव्याने इतका फरक? त्याच लाईनवर दोन पंखे नि पाण्याचा कूलर. सगळे डबे तिथेच खातात.
"मंग देव एकलाच बसस का तठे?"
हसू आलं. लगेच भीतीही वाटली.

शुक्र., ७
डोकं चालेना. लिहिलं तर आप्पा घरी. नाही लिहिलं तर खोट्या कागदावर माझी सही. फरक 'किरकोळ' म्हणून लिहून टाकला. खोडला. आई म्हणते, "आप्पालेच इचार."
शेवटी नकाशात तेरावा चौकोन काढला : देव्हारा. आप्पांना दाखवला.
"मी नही लावनार. तू लाव. पन दिवा इझी जाई ना..."
वायर तर तोडावीच लागणार, म्हणजे दिवा विझणारच.

शनि., ८
सकाळी आप्पा घरून निरांजन घेऊन आले. देवापुढे लावलं, हात जोडले, खिशातला टेस्टर माझ्या हातात दिला. "आते काढ वायर."
बल्ब विझला, निरांजन तेवत होतं. तेरावं मीटर बसलं. बल्ब, पंखे, कूलर, सगळं मोजणीत. टोटल जुळली!
पण मॅडमच्या तक्त्यात आणखी एक रकाना निघाला : आधीची जोडणी कोणी केली?
आप्पा म्हणाले, "मन्हं नाव लिख." मला रडूच आलं, त्यांच्यापुढे नाही. साहेबांची गाडी गेटात आलीय. आप्पा बाहेर चहा पिताहेत. रकाना अजून कोराच...